नलिनीबाईंचे मंगळवारचे प्रश्न

बाई, हा लेख एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लिहायला घेतला आहे. प्रश्न असा: दूरच्या देशातला एखादा कायदा आज जिवंत आहे की मेला आहे, हे चंडीगढमध्ये एका टेबलाशी बसून खात्रीने कसे सांगता येते? प्रश्नातले शब्द तुमचेच आहेत. कायदा रद्द झाला किंवा बदलला, असे तुम्ही क्वचितच म्हणत असा. तुम्ही म्हणत असा, ‘‘हे पान मेलेलं आहे, मास्तर. फक्त त्याला कोणी सांगितलं नाही.’’

तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले. उत्तर मला आता बरेचसे ठाऊक आहे. त्यातला मोठा भाग तुम्ही गेल्यानंतर तुमच्याकडूनच मिळाला, म्हणून ते कसे मिळाले हे क्रमाने लिहितो.

आपल्याला न ओळखणाऱ्या वाचकासाठी थोडे सांगायला हवे. चंडीगढच्या एका विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, पहिल्या मजल्यावर, खिडकीपाशी दोन टेबले आहेत. एक तुमचे, एक माझे. परदेशी आणि आंतरराष्ट्रीय कायदा शोधून देणे हे आपले काम. तुम्ही नागपूरच्या, यजमानांच्या चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतल्या बदलीबरोबर इकडे आलात आणि त्यांच्यामागेही इथेच राहिलात. मी कराडच्या शाळेत अकरा वर्षे नागरिकशास्त्र शिकवून मग ग्रंथालयाकडे वळलो. तुम्ही मला मास्तर म्हणत होता, मी तुम्हाला बाई. इथल्या पंजाबी सहकाऱ्यांना ती आपली खरी नावे वाटत.

या भागातल्या बऱ्याच घरांतून कोणी ना कोणी परदेशी गेलेले असते आणि कधीतरी तिकडचा एखादा कागद घरी येतो: घटस्फोटाचा हुकूम, मृत्युपत्र, मुलाच्या ताब्याचा आदेश. मग वकील आपल्याकडे येतात. परदेशी कायदा आपल्या न्यायालयाला आपोआप ठाऊक असतो असे धरले जात नाही. एखादी घटना सिद्ध करावी तसा तो सिद्ध करावा लागतो. त्यासाठी तुम्ही ती जाड वही घातली. प्रत्येक कायद्यापुढे चार रकाने: कुठे मिळाला, कोणत्या दिवसापर्यंतचा आहे, कोणी पाहिला, कोणी पुन्हा पाहिला. शेवटच्या रकान्यातली सही पहिल्या माणसाची असता कामा नये आणि दुसऱ्याने पहिल्याला काहीही न विचारता सगळे नव्याने उघडून पाहावे, हा तुमचा नियम होता.

मी नवा होतो तेव्हा तुम्ही मला कित्येक दिवस जुन्या करारांच्या याद्या वाचायला लावल्या होत्या. कोणत्या देशाने कधी सही केली, कोणत्या अटीवर केली. त्यात असे देश होते जे आता नकाशावर नाहीत. मी म्हणालो, ‘‘बाई, हे देशच नाहीत.’’ तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘‘देश नाही ना. सही आहे. त्या सहीखाली आजही माणसं जगून राहिली आहेत. वाचा.’’ बाहेर जानेवारीचे धुके होते. खिडकीतून रोज दिसणारा सरळ रस्ता आणि त्याच्या कडेची झाडे यांतले काहीही दिसत नव्हते. मी नसलेल्या देशांची नावे एकामागून एक वाचत राहिलो. मला पाठीमागे कोणीतरी उभे असल्यासारखे वाटत होते. मी तसे बोललो, तेव्हा तुम्ही हसलात. ‘‘असतील उभे. त्यांना बसायला सांगा.’’

आता रेवतीचे प्रकरण.

ती आली तेव्हाही असेच धुके होते. मोहालीतल्या एका आयटी कंपनीत काम करणारी, मूळची जळगावची, वय तिशीच्या आसपास. बरोबर पाच वर्षांची मुलगी. युरोपातल्या एका देशात ती सात वर्षे होती. मुलीच्या बापाशी तिचे लग्न झालेले नव्हते. संबंध तुटले आणि ती मुलीला घेऊन भारतात आली. आता त्याच्या वकिलाचे पत्र आले होते, की संमतीशिवाय मूल देशाबाहेर नेणे हे त्या देशाच्या कायद्याने अपहरण आहे.

‘‘काका, मला फक्त एवढं सांगा,’’ ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘मी चोरी केली का? माझ्याच मुलीची?’’

मी काही बोलायच्या आत तुम्ही पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवलात. ‘‘आधी पाणी पी बाई. मग तारखा सांग. रडणं नंतर, तारखा आधी.’’ ती रडता रडता हसली. तिने तारखा सांगितल्या: मुलगी कधी जन्मली, बापाने ती आपली असल्याची नोंद कधी केली, विमान कधी सुटले. तुम्ही सगळ्या लिहून घेतल्या.

सगळा खल एका मुद्द्यावर होता. त्या देशात अविवाहित बापाला मुलावर आपोआप हक्क मिळतो की त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो? त्याने अर्ज केलेला नव्हता.

दोन दिवसांनी तुम्हाला त्या देशाच्या मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कायद्याचे इंग्रजी भाषांतर मिळाले. त्याप्रमाणे अर्जाशिवाय बापाला हक्क नव्हता. तुम्ही वहीत नोंद केलीत, सही केलीत आणि वही माझ्याकडे ढकललीत. ‘‘तळाची ओळ नीट वाचा, मास्तर. तिथली तारीख मला जुनी वाटून राहिली.’’

बाई, मी ती ओळ वाचली नाही. ते पानच उघडले नाही. त्या दिवशी माझ्यापुढे इतर कामे होती, हे खरे आहे, पण ते कारण नव्हे. बारा वर्षांत तुमची एकही नोंद चुकल्याचे मी पाहिले नव्हते. तुमच्यामागून पाहणे मला हळूहळू एक उपचार वाटू लागले होते. मी शेवटच्या रकान्यात सही केली आणि म्हणालो, ‘‘पाहिली. ठीक आहे.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘बरं. मग मलाच तसं वाटलं असेल.’’ आणि आपण रेवतीच्या वकिलांना टिपण पाठवले.

पुढच्या आठवड्यात, मंगळवारी, तुम्ही ते पान सहज पुन्हा उघडले. मग मला बोलावलेत.

‘‘मास्तर, ही ओळ तुम्ही पाहिली होती ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग तेव्हा ही तारीख नव्हती? हे भाषांतर किती जुनं आहे पाहा. यानंतर कायद्यात दुरुस्ती झाली आहे, असं दुसरीकडे दिसून राहिलं.’’

त्या क्षणी खरे बोलता आले असते. मी म्हणालो, ‘‘तेव्हा वेगळी असेल, बाई. पान बदललं असेल.’’

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत, मग पडद्याकडे, मग परत माझ्याकडे. ‘‘पण मला पहिल्या दिवशीही हीच दिसली होती.’’ मग आपला वाद झाला. तुम्ही म्हणत होता, वकिलांना आजच्या आज कळवा की टिपण वापरू नका. मी म्हणत होतो, नक्की काय ते कळेपर्यंत थांबू, रेवती घाबरेल. ‘‘घाबरू द्या. खोट्या धीरापेक्षा बरी भीती,’’ तुम्ही म्हणालात. वाद हरतो आहे असे दिसल्यावर मी हसत हसत म्हणालो, ‘‘बाई, तुमचा चष्मा बदलायला झाला बघा.’’ तुम्ही हसला नाहीत. शाल घेतलीत आणि वेळ संपायच्या आधीच घरी गेलात. असे बारा वर्षांत कधी झाले नव्हते.

बुधवारी आणि गुरुवारी तुम्ही आला नाहीत. शुक्रवारी सकाळी तुमच्या मुलीचा, सईचा, फोन आला. झोपेतच गेलात.

सोमवारी मी वकिलांना कळवले, की टिपण बाजूला ठेवा. सुनावणीला महिना होता.

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, सकाळी अकरा वाजता मी एकटाच बसलो होतो. बाहेर पांढरे, आत शांत. संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात तुमचे नाव आले. नाव, आणि खाली एक ओळ: ‘‘मूळ भाषेतला मजकूर उघडला का? भाषांतर म्हणजे माणसाचा फोटो. श्वास चालू आहे का ते फोटोवरून कळत नाही.’’

मी खुर्ची मागे सरकवून उभा राहिलो, हे कबूल करतो.

स्पष्टीकरण साधे आहे आणि ते मी पाच मिनिटांत शोधले. आपल्या दोघांच्या संगणकांवर एकच दिनदर्शिका आहे. करायच्या कामाची आठवण तुम्ही तिथे दिवस आणि वेळ घालून ठेवत होता आणि ती वेळ झाल्यावरच दोघांना दिसत असे. ही आठवण तुम्ही घरून घातली होती. कधी घातली तेही तिथे दिसते: आपल्या वादाच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी. मला सगळे समजले. तरीही पुढची काही मिनिटे मी तुमच्या टेबलाकडे पाहिले नाही.

मग सांगितल्याप्रमाणे काम सुरू केले. त्या देशाच्या कायद्यांचा अधिकृत संग्रह उघडला. ती भाषा मला येत नाही. पण तुम्ही शिकवले होते, की कलमांचे आकडे आणि तारखा सगळ्या भाषांत सारख्याच दिसतात. आधी त्या जुळवायच्या, मग यंत्राने केलेले भाषांतर शेजारी ठेवून शब्दांकडे जायचे. कलम तेच होते. मजकूर वेगळा होता.

दुसऱ्या मंगळवारी, अकरा वाजता: ‘‘राजपत्र पाहिलं का? कायदा जन्मतो तिथे. संग्रहात फक्त मोठा झालेला दिसतो.’’

मी आदल्या दिवशी नेमका तिथेच अडकलो होतो. नवा मजकूर कुठून आला हे समजत नव्हते. राजपत्रात दुरुस्तीचा कायदा सापडला. अविवाहित बापाने मूल आपले असल्याची नोंद केली, की त्याला आईबरोबर हक्क आपोआप मिळतो, वेगळ्या अर्जाची गरज नाही. मी रेवतीला फोन केला. मागे मुलीचा कसलासा हट्ट ऐकू येत होता. मग रेवती म्हणाली, ‘‘म्हणजे मी चोरच, काका.’’

‘‘अजून काम चालू आहे,’’ मी म्हणालो.

त्याच दुपारी मी आणखी एक गोष्ट केली, जी तुम्ही सुचवली नव्हती. संकेतस्थळांची जुनी रूपे साठवून ठेवणारे संग्रह आहेत. एखादे पान अमुक दिवशी कसे होते ते तिथे पाहता येते. मी सही केली त्या आठवड्यातले मंत्रालयाचे पान काढले. जुने पान हळूहळू, वरून खाली, उमटत आले. तळाच्या ओळीत तीच जुनी तारीख होती. पान कधीच बदललेले नव्हते. तुम्हाला पहिल्या दिवशी जे दिसले, तेच तिथे होते.

यादीत त्याच पानाची आणखी एक साठवलेली प्रत होती, तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवसाची. ही यंत्रे आपोआप फिरतात आणि पाने उचलतात. त्या दिवशी ते पान कोणी पाहायला गेले होते, असा त्याचा अर्थ होत नाही. मी हे स्वतःला दोनदा सांगितले.

दुसऱ्या दिवशी तेराव्याला सेक्टर सेहेचाळीसमध्ये तुमच्या घरी आलो होतो. सईने चहा दिला. तिला मराठी सगळे कळते, पण ती उत्तर हिंदीतच देते, यावरून तुम्ही तिला किती चिडवत होता.

‘‘अंकल, मम्मी आख़िरी हफ़्ते बहुत परेशान थीं,’’ ती म्हणाली. ‘‘बोल रही थीं कि उनको ऐसी चीज़ें दिखती हैं जो होती नहीं।’’

‘‘कसल्या गोष्टी?’’

‘‘कोई तारीख़। बोलीं, मास्तर ने देखी, उनको नहीं दिखी, मुझे दिखी। बुधवार सुबह आँखों के डॉक्टर के पास गईं। उसने बोला आँखें एकदम ठीक हैं। तो और डर गईं। बोलीं, फिर तो दिमाग़ का है। मेमरी टेस्ट का अपॉइंटमेंट सोमवार का था।’’ थोडे थांबून ती म्हणाली, ‘‘नानी को भी हुआ था न। मुझे लगता है मम्मी को शुरू हो गया था।’’

माझ्या हातात कप होता. खोलीत आठ-दहा माणसे होती. मी काही बोललो नाही, बाई. खरे दडवले, हे तिसऱ्यांदा.

बुधवारी सकाळी डॉक्टरांकडे, बुधवारी दुपारी त्या आठवणी. आपल्या बुद्धीवर भरवसा उरला नाही असे वाटत असताना तुम्ही घरी येऊन ते प्रश्न एकेक करून लिहिलेत. मला शिकवायला लिहिलेत, की पुढे स्वतःला आठवणार नाही या भीतीने? एका वेळी एकच प्रश्न, एका प्रश्नाला एक आठवडा, ही तुमची जुनी पद्धत. पण वर घालणाऱ्याचे म्हणून तुमचे नाव आले, तरी आठवणींच्या मजकुरात कोणाचेच नाव नव्हते. त्या कोणाला उद्देशून होत्या, हे मला ठरवता आलेले नाही.

तिसऱ्या मंगळवारी अकराच्या आधीपासूनच मी पडद्याकडे पाहत होतो. ‘‘हा बदल कोणाला लागू? सगळ्यांना, की नोंद नंतर झाली त्यांनाच? दुरुस्तीचं शेवटचं कलम वाचा. ते कोणी वाचत नाही.’’

मीही वाचले नव्हते. तीन ओळींचे कलम होते. दुरुस्ती अमलात येण्यापूर्वी ज्या मुलांच्या नोंदी झाल्या, त्यांना जुनाच नियम राहील. तुम्ही लिहून घेतलेल्या तारखा काढल्या. रेवतीच्या मुलीची नोंद दुरुस्तीच्या कित्येक महिने आधीची होती.

म्हणजे तुम्ही ज्याला मेलेले पान म्हटले असते, ते या एका मुलीपुरते अजून चालू होते. संग्रहातून तो नियम पुसला गेला आहे. आज तो शोधणाऱ्याला सापडणारही नाही. पण त्या देशात आणि देशाबाहेर अशी हजारो मुले असतील, ज्यांच्यावर तो न दिसता अंमल करतो आहे. आणि मी न पाहता केलेली सही योगायोगाने बरोबर ठरली होती. बाई, मला एवढी भीती आयुष्यात कशाची वाटली नाही. ती सही चूक ठरली असती, तर मला निदान कळले असते की मी काय केले.

त्या देशातल्या एका विद्यापीठाच्या विधी ग्रंथपालांना मी लिहिले. आपल्या व्यवसायातली माणसे अनोळखी माणसालाही उत्तर देतात, असे तुम्ही नेहमी म्हणत होता. त्यांनी तीन दिवसांत जुना मजकूर, राजपत्राची प्रत आणि तिथल्या एका कायद्याच्या प्राध्यापकांचे नाव पाठवले. प्राध्यापकांचे शपथेवरचे मत आता वकिलांच्या हाती आहे. पुढे मुलीच्या हिताचे काय, ते न्यायालय ठरवेल. पण रेवतीच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले: तू निघालीस त्या दिवशीच्या त्या देशाच्या कायद्याने, नाही. ती म्हणाली, ‘‘काकूंना सांगा.’’ मग तिच्या लक्षात आले.

चौथ्या मंगळवारी अकरा वाजता तुमचे नाव आले आणि खाली काहीच नव्हते. रिकामी आठवण. कदाचित लिहायची राहिली असेल, कदाचित बोट चुकून पडले असेल. मी पाऊण तास तिच्यापुढे बसलो. मग तुमच्या पत्त्यावर ई-पत्र लिहिले. मी ते पान उघडले नव्हते, तुमचे डोळे ठीक होते, तुमची स्मृती ठीक होती, तारीख पहिल्या दिवसापासून तिथेच होती, मी दोनदा खोटे बोललो. पाठवले. पत्ता नाहीसा झाला, की पत्र परत येते. ते परत आले नाही.

दुसऱ्या दिवशी सईचा फोन आला.

‘‘अंकल, मम्मी के लैपटॉप पर आपका मेल आया है। मैंने खोला नहीं। मम्मी के नाम है, मैं कैसे खोलूँ?’’

‘‘उघड,’’ मी म्हणालो. ‘‘ते तुझ्यासाठीच आहे.’’

‘‘मराठी में है। टाइम लगेगा।’’

‘‘लागू दे. मी थांबतो.’’

तिने फोन ठेवला नाही. ती एकेक शब्द हळू आवाजात वाचत होती, शाळेत पहिल्यांदा धडा वाचणाऱ्या मुलासारखी, आणि तिचा आवाज तुमच्यासारखा आहे, बाई, हे मला तोवर कधी जाणवले नव्हते. माझी कबुली मी तुमच्या आवाजात शेवटपर्यंत ऐकली.

‘‘तो मम्मी ठीक थीं?’’

‘‘हो. अगदी ठीक होत्या. त्यांना जे दिसलं तेच तिथे होतं.’’

‘‘और वो ये जाने बिना चली गईं।’’

‘‘हो.’’

‘‘आपने बताया क्यों नहीं, अंकल?’’ आवाज चढलेला नव्हता. तिला खरोखरच कारण हवे होते. मी शिक्षक होतो. विचारलेल्या प्रश्नाला काहीतरी उत्तर द्यायची सवय मला आहे. या प्रश्नाला मी काहीही देऊ शकलो नाही. तिने फोन ठेवला. त्यानंतर तिने मला फोन केलेला नाही आणि तशी अपेक्षा करण्याचा मला अधिकार आहे असे मी समजत नाही.

त्या दिवशी मी वही काढली. माझ्या सहीवर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिले: ‘न पाहता केली.’ मग मागची बारा वर्षे चाळायला घेतली. अशा सह्या आणखी किती आहेत ते मला सांगता येत नाही, कारण पाहून केलेली आणि न पाहता केलेली सही दिसायला अगदी सारखी असते. म्हणून पहिल्या पानापासून सगळ्या नोंदी पुन्हा उघडतो आहे. दिवसाला चार किंवा पाच होतात. पाचव्या मंगळवारी अकरा वाजता काही आले नाही. मी काम थांबवून वाट पाहिली, मग पुढची नोंद घेतली.

तुम्ही मला जे काही शिकवलेत, त्यातून माझे घर चालले आणि माझे डोके नीट राहिले. त्याबद्दल आभार मानायला मी आयुष्यभर वेळ आहे असे धरून चाललो.

वाचकांना विनंती आहे. परदेशी कायद्याबद्दल या लेखात जे लिहिले आहे, ते माझ्या शब्दावर मान्य करू नये. तुमच्या कामाचा कायदा मूळ भाषेत उघडा, तो कोणत्या दिवसापर्यंतचा आहे ते पाहा, राजपत्र पाहा, बदल कोणाला लागू आहे ते वाचा. कृपया स्वतः तपासा.